दोन व्होल्ट कुठे गेले?

बदनापूर मागे पडलं तेव्हा पाऊस दणकून पडत होता आणि वायपर दमल्यासारखे फिरत होते. पाऊस वाढलाय म्हणून तसं वाटतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग गाणं मध्येच तुटलं, पडदा काळा झाला आणि त्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं, जणू चावी आत्ताच फिरवली होती. पाठोपाठ डॅशबोर्डवर दिवे लागत गेले. बॅटरीचा, एबीएसचा, एअरबॅगचा, स्टिअरिंगचा. ट्रकला वाट द्यायला चाक वळवलं तर ते जात्यासारखं जड. गिअर तिसऱ्यावर जो बसला तो बसलाच. जालन्यात शिरताना वेग कमी केला तरी खाली येईना. गाडी थरथरत, हिसके देत नवीन जालन्यापर्यंत आली आणि चौकात सगळ्यांच्या मध्ये बंद पडली. पुन्हा सेल्फ मारला. ‘टक्.’ बस, एवढंच.

त्या रात्री मी गाडीचा विचार कमी आणि पैशांचा जास्त केला. माझी गाडी एएमटी आहे, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली. वायरिंग गेलं म्हणावं तर गिअरचं काय? गिअरबॉक्स गेला म्हणावं तर दिव्यांचं काय? दोन्ही एकाच संध्याकाळी गेले म्हणजे नशीबच फुटकं. फोनवर ज्याला ज्याला विचारलं त्याने गिअरबॉक्सवरच बोट ठेवलं, आणि प्रत्येकाने सांगितलेला आकडा आधीच्यापेक्षा मोठा होता.

सकाळी एका वायरमनच्या दुकानापुढे गाडी ओढून नेली. आपल्याकडे घरात वीज घालणारा वायरमन आणि गाडीची वीज बघणाराही वायरमनच. सगळे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. मी लांबलचक कहाणी सुरू केली, तर त्यांनी हात वर केला.

“सर, काय काय बिघडलं ते नंतर. आधी काय बिघडलं ते सांगा. वायपर का गिअर?”

“वायपर,” मी म्हणालो. “मग गाणं. मग दिवे. मग स्टिअरिंग. शेवटी गिअर.”

“मंग गिअरबॉक्सला हात लावायचा नाही अजून.”

मला तेव्हा त्या वाक्याचं मोल कळलं नाही. आता वाटतं, निदान तिथेच निम्मं झालं होतं. यांत्रिक वस्तू मोडते तेव्हा ती आपली आपण मोडते. दात तुटला तर दात तुटतो, त्याच्या आधी वायपर मंदावत नाही. पण एखाद्या वाड्याच्या टाकीतलं पाणी आटू लागलं तर आधी वरच्या मजल्याचा नळ बारीक होतो, मग मधला, मग खालचा. माझ्या गाडीत त्या संध्याकाळी नळ बारीक होत गेले होते. टाकी कुठली, एवढाच प्रश्न होता.

गाडीची ती टाकी म्हणजे व्होल्टेज. शिशाच्या बॅटरीत सहा खण असतात, प्रत्येकाचा दाब साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली ‘बारा व्होल्टची’ बॅटरी खरं तर १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२ च्या खाली गेली की तिचं दुकान मिटायला आलं. केवढा चिंचोळा पट्टा! भरलेली आणि रिकामी यांत एक व्होल्टचंही अंतर नाही. इंजिन चालू झालं की हा आकडा १४ च्या आसपास चढतो, कारण आता वीज बनते आहे. बनवणाऱ्या यंत्राचं नाव अल्टरनेटर, पण आपल्या गल्लीत त्याला अजून डायनामोच म्हणतात. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या जुन्या गाड्यांत खराखुरा डायनामो असे. तो गेला, नाव राहिलं.

मामांनी मीटर लावलं. बॅटरी १२.१. उपाशी, पण मेलेली नाही. मग एवढ्या बॅटरीवर सेल्फ नुसता ‘टक्’ का करतो? त्यांनी एक जाड जंपर केबल घेतली. माझी अपेक्षा होती की आता शेजारच्या रिक्षाची नाहीतर कुणाची तरी बॅटरी आणून जोडतील. त्यांनी केबलचं एक टोक माझ्याच बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं आणि दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. “मारा सेल्फ.”

इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. गिअरनं पहिला घेतला, दुसरा घेतला, मागे घेतला. गिअरबॉक्सला कुणी बोटही लावलं नव्हतं.

असं का झालं ते कळायला गाडीबद्दलची एक गोष्ट माहीत हवी. ती इतकी साधी आहे की तीस वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही ती सुचलेली नसते. विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. घरात त्यासाठी दोन वायरी असतात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच. हेडलाइटला, हॉर्नला, वायपरला बॅटरीकडून एक वायर येते, आणि परतीची वाट म्हणजे गाडीचं अंग. दरवाजे ज्यावर टांगले आहेत, सीट ज्यावर बसवल्या आहेत, तो सगळा पत्रा हीच एक अगडबंब वायर आहे. आपण विजेच्या आत बसून प्रवास करतो आणि आपल्याला काही होत नाही, कारण १२ व्होल्टचा दाब कोरड्या कातडीतून शिरायला फार अपुरा पडतो.

(इथे एक गंमत. इलेक्ट्रॉन खरं तर ऋण टोकाकडून निघतात, म्हणजे ते आधी पत्र्यात शिरतात आणि मग दिव्याकडे जातात. आपण जिला परतीची वाट म्हणतो ती त्यांची निघायची वाट. शिवाय ते रमतगमत जातात. हेडलाइटच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ५ अँपिअर वाहत असतील तर इलेक्ट्रॉनांची सरासरी चाल निघते सेकंदाला सुमारे पाव मिलिमीटर. तासाभरात जेमतेम एक मीटर. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण वायर आधीच इलेक्ट्रॉनांनी खचाखच भरलेली असते आणि ढकलाढकलीची बातमी मात्र जवळपास प्रकाशाच्या वेगाने पोचते.)

आता अडचण अशी की इंजिन या अंगाला नीट चिकटलेलं नसतं. ते रबराच्या माउंटिंगवर बसवतात, नाहीतर दातखिळी बसेल एवढा थरथराट आत येईल. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक तारांची विणलेली, चपटी, वेणीसारखी पट्टी लावतात. वायरमन तिला ‘अर्थिंगची पट्टी’ म्हणतात. माझ्या गाडीत बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं, आणि अल्टरनेटर व सेल्फ दोन्ही इंजिनावर. म्हणजे इंजिनात तयार झालेली सगळी वीज आणि सेल्फने ओढलेली सगळी वीज या हातभर पट्टीतून ये-जा करते. मामांनी खाली वाकून ती दाखवली. बोल्टाजवळ हिरवट पावडर आणि तुटलेल्या तारांची फणी. चारदोन तारा तेवढ्या धरून होत्या.

मग त्यांनी जंपर केबल सोडवली. चालू इंजिन चालूच राहिलं, कारण चालू राहायला नव्हे, सुरू व्हायला जास्त वीज लागते. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावायला सांगितलं आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं इंजिनाला. दोन्ही ‘अर्थ’च. दोन्हींत फरक शून्य हवा. फार तर ०.१, ०.२. मीटर म्हणालं २.

हेच ते दोन व्होल्ट. अल्टरनेटर आपल्या परीने चौदा-सव्वाचौदा बनवत होता, आणि तो स्वतःचं माप इंजिनाशी ताडून घेत असल्याने त्याला सगळं आलबेल वाटत होतं. बॅटरीपर्यंत पोचत होते बारा. मधले दोन त्या पट्टीत, नुसती उष्णता होऊन, जळत होते.

हिशोब ओहमच्या नियमाचा, १८२७ सालचा. पट्टीचा अडथळा समजा ०.०४ ओहम. ५० अँपिअर वाहिले तर ०.०४ गुणिले ५० म्हणजे २ व्होल्ट गायब. आणि सेल्फ? तो दीडशे अँपिअर मागतो. ०.०४ गुणिले १५० म्हणजे ६ व्होल्ट! बाराचे सहा वाटेतच गेले तर मोटर कशी फिरणार? ‘टक्’ होतं ते एवढ्याचमुळे. आता हा ०.०४ ओहम मीटरच्या ओहमच्या खुणेवर मोजायला जा. साध्या मीटरच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात. त्यात हे ०.०४ कुठल्या कुठे बुडून जातं आणि मीटर सांगतं, पट्टी ठणठणीत. कोरड्या सकाळी, गाडी बंद असताना ती ठणठणीतच दिसते. वीज वाहती असेल तेव्हाच दोष उघडा पडतो. वायरमन मंडळी याला ‘ड्रॉप बघणं’ म्हणतात, आणि माझ्या मते गाडीच्या निदानात याहून हुशार आणि याहून स्वस्त चाचणी दुसरी नाही.

आता मागे वळून कालची संध्याकाळ बघू. पाऊस, म्हणून वायपर. काचेवर वाफ, म्हणून ब्लोअर आणि हीटर. अंधार, म्हणून हेडलाइट. प्रत्येक बटणासरशी पट्टीतला प्रवाह वाढला, आणि प्रवाह वाढला तसा तोटाही. बॅटरी भरायची सोडून स्वतःच पुरवठा करू लागली, रिकामी होत गेली. विजेवर चालणारं स्टिअरिंग वळणावर क्षणभर ढीगभर अँपिअर ओढतं, तेवढ्यात दाब आणखी कोसळला. संगणकांना ठराविक दाबाखाली शुद्ध राहत नाही. ते बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं ते त्या मूर्च्छेतून उठल्यावर.

आणि गिअर? एएमटीच्या पोटात साधाच, हाताने टाकायचा गिअरबॉक्स असतो. भारतात ही रचना २०१४ साली आलेल्या सेलेरिओने घरोघरी नेली. क्लच दाबणारा पाय आणि दांडी सरकवणारा हात, या दोघांच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे बसवले, आणि तो दाब निर्माण करायला एक विजेचा छोटा पंप. अशा अनेक गाड्यांचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला की बॉनेटखालून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. तो पंप आधीच तयारीला लागलेला असतो. आपण बसायच्या आत त्याने दंड थोपटलेले असतात. पण दाब बारा-अकरा-दहा असा उतरला की पंप नुसता गुरगुरतो. तेलाला जोर नाही, दट्टे हलत नाहीत, गिअर होता तिथेच राहतो. क्लच दाबायला पायही नाही, म्हणून वेग कमी होताच गाडी हिसके देऊन बंद. तेलातल्या जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही काहीसं असंच घडतं. त्यातल्या विजेच्या झडपांचा पुरवठा गेला की स्प्रिंगा त्यांना एका ठरलेल्या जागी ढकलतात आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर लंगडत घरी जाते. तशी सोय मुद्दाम केलेली असते. आपण तिलाच बिघाड समजतो.

एव्हाना मामांच्या पोराने स्कॅनर आणून स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावला होता. अकरा कोड. यू ०१००, यू ०१०१ वगैरे ‘यू’ने सुरू होणारी मोठी रांग, एक पी ०७०० आणि सगळ्यांत खाली अंग चोरून बसलेला पी ०५६२. पोरगं पी ०७०० वाचून म्हणालं, “ट्रान्समिशन.” मामा हसले.

पी ०७०० चा अर्थ एवढाच की गिअरच्या संगणकाने इंजिनाच्या संगणकाला सांगितलं, दिवा लाव, माझ्याकडे काहीतरी आहे. ती दवंडी झाली, रोग नव्हे. ‘यू’वाल्या कोडचा अर्थ संपर्क तुटला. गाडीतले डझनभर संगणक एकमेकांशी बोलतात ते एकमेकींना पीळ दिलेल्या फक्त दोन वायरींवरून. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे ठेवलेली ही पद्धत, नाव कॅन. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही वायरींवर अडीच-अडीच व्होल्ट. बोलताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. ऐकणारा फक्त दोघींतला फरक बघतो. त्यामुळे बाहेरून आवाज घुसला, ठिणगी पडली, तरी ती दोन्ही वायरींवर सारखीच पडते, वजाबाकीत उडून जाते. सेकंदाला पाच लाख वेळा अशी हो-नाही चालते आणि चूक झाली तर वाक्य पुन्हा म्हटलं जातं. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक असतात. बॅटरी काढून त्या खोबणीच्या सहाव्या आणि चौदाव्या पिनमध्ये मीटर लावलं की ६० यायला हवेत. आले तर गप्पांची वायर शाबूत. माझ्या गाडीत साठच आले.

मग गप्पा तुटल्या का? एक कारण ते मूर्च्छा येणं. दुसरं जास्त सुंदर आहे. काही संगणकांचा अर्थ इंजिनावर, काहींचा बॉडीवर. मध्ये दोन व्होल्टची दरी पडली तर दोघांची ‘शून्य’ वेगळी झाली. एकाचं तळमजल्याचं घर दुसऱ्याला पायऱ्यांवर दिसतं. कॅन पद्धत वायरींवरचा दाब साधारण उणे २ पासून अधिक ७ व्होल्टपर्यंत सरकला तरी सोसते. त्यापलीकडे बोलणं ऐकू येत नाही. माझी गाडी त्या कड्याकडे सरकत होती.

अकरा कोडांतला खरा कामाचा कोड शेवटचा, पी ०५६२. गाडीला मिळणारा दाब कमी. बाकीचे दहा त्याची लेकरं.

पट्टी बदलायचं काम चालू असताना मी विचारलं, “मामा, डायनामो बरोबर आहे का ते बघायला पूर्वी चालू गाडीत बॅटरीची वायर काढायचे ना?”

त्यांनी कपाळाला हात लावला. पूर्वीच्या गाड्यांत ते खपून जायचं. आता अल्टरनेटर जोरात वीज ओतत असताना बॅटरी अचानक काढली तर ती वीज जाणार कुठे? क्षणभर दाब ऐंशी व्होल्टच्याही पुढे उसळू शकतो. बॅटरी ही नुसती साठवण नाही, ती उशीही आहे. उशी काढली की हजारोंचे संगणक एका झटक्यात जातात. ज्यांना कुणाला अजून ही ‘चाचणी’ करणारा मिस्त्री भेटतो त्यांनी नम्रपणे गाडी घेऊन निघावं.

दुकानापुढून एक ट्रक गेला, भंगाराने शीगोशीग भरलेला. जालन्यात असे ट्रक दिवसभर दिसतात. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये ते भंगार वितळतं, त्याच्या लाद्या होतात आणि लाद्यांची सळई. महाराष्ट्रात बांधकामावर उभा राहिलेला कोणीही जालन्याची सळई ओळखतो. त्या भट्टीत जाळ नसतो, हे मला फार उशिरा कळलं. मोठ्या भांड्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं, नळीतून थंड पाणी, आणि तांब्यातून सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलणारी वीज. तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावतं, आणि त्या हेलकाव्यांनी आत पडलेल्या लोखंडातच भोवरे घेत वीज वाहू लागते. कोणतीही वायर लोखंडाला लागलेली नसते. ते स्वतःच्याच अंगातल्या विजेने १६०० अंशांपर्यंत तापून पाणी होतं.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकल फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातली वीज चालू-बंद करताना दुसऱ्याला जोडलेली सुई हलताना पाहिली. बदलणारं चुंबकत्व वीज जागवतं. बॉनेटखाली पट्ट्यावर गरगरणारा अल्टरनेटर याच नियमाने वायपर फिरवतो. त्याच्याही वेटोळ्यात वीज सेकंदाला पाचएकशे वेळा हेलकावे खाते आणि सहा डायोड तिला सरळ करतात. टनावारी भंगार वितळवणारी भट्टी आणि माझ्या गाडीचा नारळाएवढा अल्टरनेटर सख्खी भावंडं निघाली.

“मामा, ही पट्टी सडली कशाने?”

“तांबं न् लोखंड. मधी पाणी.”

पुढचं मी नंतर वाचलं. दोन निरनिराळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे व्होल्टाने १८०० साली रचलेली पहिली बॅटरीच. ज्या बोल्टाखाली पट्टी दाबलेली असते तिथे पावसात, गाडी धुताना, नकळत एक इवलीशी बॅटरी तयार होते आणि ती धातूच खाऊन चालते. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशीपार, मग आषाढातली ओल, मधल्या काळात कापसाच्या शेतांवरून येणारी धूळ. उंदरांनी वायरी कुरतडल्या तर निदान दिसतं तरी. हे गुपचूप चालतं.

मामांनी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, नवी पट्टी कसली आणि वरून व्हॅसलीन फासलं. पुन्हा सगळे दिवे लावून ड्रॉप बघितला. ०.०५. रात्री फोनवर ऐकलेल्या आकड्यांतल्या सगळ्यात छोट्या आकड्याच्या मागची दोन शून्यं पुसली तर जेवढं उरेल, त्याच्याही आतच बिल झालं.

जुना गंजका बोल्ट त्यांनी दुकानाबाहेरच्या डब्यात टाकला. तो डबा भरला की भंगारवाला नेतो आणि त्याच्याकडून माल एमआयडीसीत. जुनी पट्टीही मी त्याच डब्यात टाकायला गेलो, तर त्यांनी मनगट धरलं.

“तांबं येगळं. लोखंडात गेलं तर सळईला चिरा पडत्यात.”

हेही खरं निघालं. भंगारासोबत वितळलेलं तांबं त्या भट्टीतून काढता येत नाही. ते पोलादात राहतं, आणि तापलेली लादी रुळांतून ओढताना तिच्या पृष्ठभागावर चिरा पाडतं. पट्टी मी पत्र्याच्या दुसऱ्या, छोट्या डब्यात टाकली. त्यात अशा बऱ्याच वेण्या होत्या, सगळ्या एका टोकाला हिरव्या.